कीड काढलेली आहे

माझ्या डाव्या जबड्याखाली बोटभर लांबीचा एक व्रण आहे. नोकरीची सगळी वर्षं मी तो पदराखाली ठेवला आणि कुणी विचारलंच तर "गळू झालं होतं" एवढं सांगून विषय बदलला. शिक्षिकेला विषय बदलता येतो. आता निवृत्त झाले आहे, आणि ओळखीतल्या एका बाईंना दवाखान्यात राहायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्ही यातून गेलात ना, लिहा की, आम्हाला धीर येईल. धीर येईल असं यात बरंच आहे. पण आधीच सांगून ठेवते, या हकिकतीत शहाणी मी नाही.

दाढ

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. माझे मिस्टर कलेक्टर कचेरीत क्लार्क. उस्मानाबादहून फायलींच्या गाठोड्यांबरोबर आम्हालाही लातूरला पाठवलं, असं ते गमतीने सांगत. मी शहराच्या कडेला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नव्या जिल्ह्यात रोज नवी पाटी लागायची, वकिलाची, डॉक्टरची, टायपिंग क्लासची. पाणी मात्र नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत लग्नघरासारखी धावपळ व्हायची.

त्या हिवाळ्यात माझी खालची डावी दाढ दुखायला लागली. आधी गार पाण्याने, मग गरम चहाने, मग कशानेच नाही, उगीच. लवंग ठेवली, तुरटीच्या गुळण्या केल्या, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडले. त्यातच चुलत बहिणीच्या लग्नासाठी माहेरी भोकरला गेले.

आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. छप्पन्न साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते पंचविशीत होते. त्या दिवसापासून घरात अंगारा, गंडादोरा, उतारा, धुरी सगळं बंद. मला लहानपणी ताप आला की ते पाठुंगळी घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात न्यायचे आणि वाटेत म्हणायचे, "आपल्या घरी डॉक्टरचंच ऐकायचं, बाई. दुसऱ्या कुणाचं न्हाई." मी शिकले, डी.एड. झाले, नोकरीला लागले, याचा त्यांना केवढा अभिमान होता ते काय सांगू. स्टेशनवर भेटेल त्याला सांगत.

आणि त्याच आबांची मी लेक, लग्नघरात गाल धरून कोपऱ्यात बसले होते. शेजारच्या सखूमावशीने मला गाठलं.

"मास्तरीणबाई, शाळा ठिवा घरी आन् चला माझ्यासंगं. धा मिनटाचं काम हाय. कीड कशी पडती ते बगा."

"आबांना चालणार नाही, मावशी."

"आबाची दाढ दुखून राहिली का तुही?"

मी गेले.

सात अळ्या

बाजाराच्या मागे लिंबाखाली एक बाई बसायची. तिने निखाऱ्यावर तेलात घोळलेल्या भुईरिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या, बिया टाकल्या, वर भोक पाडलेली वाटी पालथी घातली आणि त्या भोकात बोरूची नळी बसवली. माझ्या डोक्यावरून पदर ओढून नळीचं दुसरं टोक दाढेशी धरायला सांगितलं. धूर तोंडात, नाकात, डोळ्यांत. लाळ खाली पाण्याच्या परातीत गळत होती. बऱ्याच वेळाने तिने पदर बाजूला केला आणि म्हणाली, "बगा, बाई."

परातीत पांढऱ्या, दोऱ्याएवढ्या अळ्या होत्या. मी मोजल्या. सात.

हसू नका. मी विज्ञानही शिकवत होते. पण वर्गात दाताचं चित्र काढायचं तर मी दाढेच्या भोकात एक काळा, मिशीवाला किडा काढायचे. पोरांना तो फार आवडे. पिकावर पडते ती कीड, जोंधळ्यात होते ती कीड, मग दाताला लागते ती कीड म्हणजे दुसरं काय असणार? माझ्या डोक्यात हा किडा आधीपासूनच बसलेला होता. त्या बाईने मला तो बाहेर काढून दाखवला, एवढंच. अळ्या वळवळत नव्हत्या, परातीतलं पाणी हलत होतं, हे मला दिसलं होतं. पण मी त्याचा विचार केला नाही.

आणि दाढ खरंच थांबली हो! संध्याकाळी मी जिलेबी खाल्ली. मावशीला तेवढं बजावलं की आबांच्या कानावर जाता कामा नये.

नव्या डॉक्टरांकडे

लातूरला परतल्यावर दाढ दुखत नव्हती, पण भोकात अन्न अडकायचं. भोक बुजवून घ्यावं म्हणून मी मुख्य रस्त्यावरच्या नव्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. माझ्यामुळे ते नाव पुरेसं घेतलं गेलं आहे. तिशीच्या आतले असतील, मुंबईहून शिकून आलेले, हळू बोलणारे. खुर्चीशेजारी स्टीलची बादली आणि तांब्या. मशीनला पाण्याचा फवारा लागतो आणि नळाला पाणी नाही, म्हणून ते पिचकारीने थेंबथेंब पाणी सोडत काम करायचे.

त्यांनी आत टोकदार हत्यार घालून पाहिलं. मग छोट्या चमच्यासारख्या हत्याराने थोडं खरवडलं. मी खुर्चीतून उडालेच.

"बाई, आत मऊ लागतंय," ते म्हणाले. "हे सगळं काढावं लागेल. आज थोडं, आठ दिवसांनी उरलेलं. दोन-तीन खेपा होतील. सुई देतो, दुखणार नाही."

सुईची मला दाढेहून जास्त भीती. शिवाय साडेदहाची शाळा. शिवाय दोन-तीन खेपा. मी म्हणाले, "डॉक्टर, कीड काढलेली आहे."

"कुठे काढली?"

लिंबाखाली, असं म्हणायला हवं होतं. त्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत, मुंबईहून शिकून आलेल्या माणसासमोर, मला ते म्हणवेना. शिकलेली बाई, आबांची लेक.

"नांदेडला," मी म्हणाले. "दाताच्या डॉक्टरांनी. सगळी साफ केली. तुम्ही फक्त चांदी भरा."

"पण मऊ आहे अजून."

"अहो, मी शिक्षिका आहे. मला कळतं."

ते थांबले. विचार करताना ओठ आवळायची त्यांना सवय होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नस जवळ आहे म्हणून त्यांनी खोलातलं मुद्दाम ठेवलं असेल. कडांचं तरी काढू द्या." पुन्हा चमचा लागला आणि मी त्यांचं मनगट धरलं. वर्गात पोराचा हात धरावा तसं, घट्ट. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि चांदी भरली.

"आठ दिवसांनी दाखवा. दुखलं तर त्याच दिवशी या."

मी गेले नाही. दुखत कुठे होतं?

दोघंही आम्ही कीड कीड म्हणत होतो. ते वेगळं म्हणत होते, मी वेगळं म्हणत होते. पण ती समजुतीतली चूक झाली. नांदेडचा डॉक्टर मी जाणूनबुजून उभा केला होता, त्याला समजुतीतली चूक म्हणता येत नाही.

सूज

मे महिन्यात सुट्टीला भोकरला आले आणि तिसऱ्या दिवशी जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. दुसऱ्या सकाळी ती लिंबाएवढी झाली होती. ताप चढला. गाल टणक, चकचकीत, लाल. तोंड उघडेना. आधी दोन बोटं जायची, मग एक, मग चमचाही जाईना. माय कापडाचा बोळा करून दाताच्या फटीतून पेज पिळायची. माझी लेक सुजाता चार वर्षांची होती. ती दारातून माझ्याकडे बघून रडायला लागली आणि म्हणाली, "ही माझी आई न्हाई." तापाने जेवढं केलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्याने केलं.

गावातल्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि दादाला बाजूला नेलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आवाजाने मोठा आणि काळजाने मऊ. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज गेलेला होता. "नांदेडला जायचं हाय, आत्ताच," तो म्हणाला. त्याचा हळू आवाज ऐकून मला कळलं की हे साधं नाही. जीपमध्ये मी मायच्या मांडीवर डोकं ठेवून होते. आडवी झाले की श्वास अडकायचा, उठून बसले की घेरी यायची. मुदखेडच्या पुढे मी मनातल्या मनात सुजाताला कोण सांभाळेल ते ठरवायला घेतलं होतं.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दाताच्या विभागाला एक पोक्त डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बघितलं, आणि माझ्याकडे न बघता दादाला म्हणाल्या, "आजच आला ते बरं केलंत." त्याच दुपारी त्यांनी जबड्याखाली चीर दिली. पू निघाला, रबराची पट्टी आत ठेवली, सलाईन आणि इंजेक्शनं सुरू झाली. मी जगले. ज्यांना अशी सूज आली आहे आणि जे "उद्या बघू" म्हणत आहेत, त्यांच्यासाठी हा परिच्छेद मी मुद्दाम सविस्तर लिहिला आहे. तोंड उघडेना झालं, गिळताना त्रास झाला, तर उद्या नाही.

पाटी

तोंड बंद, म्हणून दादाने आपल्या पोरीची पाटी-पेन्सिल आणून दिली. मास्तरणीला पाटी! वॉर्डातल्या बायकांना त्याची फार गंमत वाटायची.

दुसऱ्या दिवशी दादाने विचारलं, "ही दाढ कुणी भरली व्हती?"

मी पाटीवर लिहिलं, लातूरचे डॉक्टर. मुख्य रस्ता. पाटीवर खाली अजून चार ओळींची जागा होती. मी पेन्सिल ठेवली.

बातमी कळताच नांदेडला आलेले माझे मिस्टर आणि दादा, दोघं लातूरला गेले. तिथे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाकावर पाच-सहा पेशंट बसलेले असताना दादा आत शिरला. "माझ्या बहिणीचा जीव घेऊन राहिलास व्हय रे?" रस्त्यावरची माणसं जमली. दादाने बाहेरची पाटी ओढून काढली आणि पायऱ्यांवर आपटली. मिस्टर मारामारी करणारे नाहीत, त्यांनी फक्त येईल त्याला सांगितलं, आणि मग कचेरीत सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी दोघं परत आले. आबाही भोकरहून आले होते, कॉटच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभे. मिस्टर माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तो डॉक्टर म्हणतो, तूच सांगितलंस की नांदेडच्या डॉक्टरनं आधीच कीड काढलीय म्हणून. तू नांदेडला कधी गेलीस? असं म्हणालीस तू त्याला?"

पाटी माझ्या मांडीवर होती. आबा माझ्याकडे बघत होते.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"बगा!" दादा म्हणाला. "मी म्हणलो न्हवतो? फेकून राहिला त्यो!"

आबांनी माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाले, "झोप, बाई." मी डोळे मिटले. मला तेव्हा फार वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनाशी म्हणाले, कीड तर काढलीच होती ना? कुणी काढली एवढंच खोटं. मग चूक त्याचीच.

वॉर्ड

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे असतात. पहाटे झाडू, मग थर्मामीटर, मग इंजेक्शनचा ट्रे, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी भिंतीवरचं एक पोपडा निघालेलं ठिकाण बघत बसायचे, त्याचा आकार किनवट तालुक्याच्या नकाशासारखा होता. तोंड थोडं उघडायला लागल्यावर दिवसातून सहा वेळा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. पाण्याचं काय? दवाखान्याच्या नळाला माय उजाडल्यापासून रांगेत उभी राहायची आणि एक कळशी घेऊन यायची. तेवढ्यात पिणं, पेज, अंग पुसणं, आणि वर माझ्या गुळण्या.

शेजारच्या कॉटवर इस्लापूरकडची एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. तिकडे रानात झऱ्यांना अजून पाणी होतं. तिचा लेक दर दोन दिवसांनी रेल्वेने पाण्याचा कॅन घेऊन यायचा. म्हातारी दर खेपेला त्यातलं अर्धं मायला द्यायची.

माय संकोचली की म्हणायची, "ने गं माय. थुकायलाच लागतंय तिला, पर ने."

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'उपकार झाले' असं लिहून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "छान काढलं बरं चित्र." हसताना टाके ओढले गेले, पण त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

सूज उतरल्यावर, आठव्या दिवशी, दाढ काढली. डॉक्टरीणबाईंनी ती मला ट्रेमध्ये दाखवली. वर चांदीची टिकली, आणि तिच्याखाली भिजलेल्या गुळासारखं तपकिरी, मऊ काहीतरी. त्यांनी त्यात चमचा घातला, तो सहज आत गेला.

"ही कीड," त्या म्हणाल्या. "हा सडलेला दातच आहे. चमच्याने, मशीनने खरवडून खाली कडक लागेपर्यंत काढायचा असतो. नसेच्या अगदी वर कधी थोडा ठेवतात, पण भिंती आणि कडा स्वच्छ लागतात. मगच चांदी. इथे कुणी काढलेलंच नाही काही. वरून झाकण लावलं आणि आत सडत गेलं."

मी पाटी ओढली आणि लिहिलं, अळ्या?

त्यांनी पाटी वाचली. "धुरी घेतली होती का? अहो, त्या रिंगणीच्या बिया फुटतात, त्यांच्या आतले कोंब ते. इकडे दर आठवड्याला एक बाई येते मला अळ्या मोजून सांगणारी." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज मऊ केला. "तुमची दाढ बरीच खोल गेली होती. कदाचित तशीही गेली असती. मनाला लावून घेऊ नका."

त्या 'कदाचित'वर मी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी तो पुरला नाही. दाढ तशीही गेली असती. पण त्या डॉक्टरांची पाटी गेली नसती. त्यांनी 'मऊ आहे' म्हणून दोनदा सांगितलं होतं, आणि त्यांचा हात मी धरला होता.

जून

शाळा उघडली. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले तर सगळ्याजणी उठून आल्या. "मरता मरता वाचलात बाई!" "त्या दाताच्या डॉक्टरनं जबडा फोडला म्हणे." "आमच्या सासूबाईंना तिथंच न्यायचं होतं, आम्ही बेत रद्द केला." मी म्हणाले, "जाऊ द्या आता तो विषय." माझा मोठेपणा म्हणून त्यांनी तेही वाखाणलं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. पाटी दोन तारांनी पुन्हा बांधलेली होती, एक कोपरा मोडलेला. बाक रिकामे. डॉक्टर हत्यारं पुसत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, सात अळ्या, नांदेडचा नसलेला डॉक्टर, पाटी, मान. रडलेही. त्यांनी मला थांबवलं नाही.

मग ते म्हणाले, "मला सांगून काय होणार, बाई? मला ते माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी खाली बघत होते. त्यांनीच पुढे म्हटलं, "चूक माझीही आहे. मऊ लागत होतं. दुसऱ्याच्या सांगण्यावर दात भरायचा नसतो. ती चूक मी माझ्यापाशी ठेवतो. तुमची तुम्ही न्या."

आणि मग, मी निघाले तेव्हा, "बसा, जखम बघू द्या" म्हणाले. उजेडात जबडा बघितला, तोंड उघडायचा व्यायाम नीट करून दाखवला. मला ते सगळ्यात जड गेलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सांगते म्हणून आले. आणि सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. परीक्षा झाली की, मिस्टरांचं कचेरीतलं पाण्याच्या टँकरचं काम संपलं की, आबांची तब्येत सुधारली की. वर्गातला मिशीवाला किडा तेवढा मी पुसला आणि पोरांना दाढेतला तपकिरी भाग नीट काढून दाखवला. पोरं नाराज झाली. कुणाचं मन मोडायचं नसेल तेव्हा खरं बोलणं मला सोपं जायचं.

मिस्टरांना मी पोळ्याच्या सुमारास सांगितलं. ते जेवत होते. ताट बाजूला सारलं नाही, पूर्ण जेवले, हात धुतला आणि म्हणाले, "अख्ख्या कचेरीत मी सांगितलंय. एकेकाला धरून." तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "आबांना तू सांग. मी सांगणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीत भोकरला गेले. आबा अंगणात खाटेवर होते, दादा शेजारी विडी ओढत. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. सखूमावशीचं नाव तेवढं वगळलं.

दादा उठून उभाच राहिला. "म्हंजे म्या त्या माणसाला..." त्याने विडी फेकली. "आगं, लोकांदेखत त्याची पाटी फोडली म्या! मला कामून न्हाई सांगितलंस तव्हाच?"

आबा खाटेवर उठून बसले. मला वाटलं आता धुरीवरून बोलतील, दीक्षेवरून बोलतील. ते म्हणाले, "धुरी घेतलीस त्याचं मला काई न्हाई. दुखून राहिलं की माणूस काई बी करतो. तू मान हालवलीस ना, माझ्याकडं बगून, त्याचं वाटतंय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या डॉक्टरापुढं जाऊन उभं राहू. आपुन तिघं."

मुख्य रस्ता

आठवड्याने आम्ही लातूरला उतरलो, आबा, दादा आणि मी. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दादाने वाटेत दोनदा विचारलं, "पाया पडू का नुस्ते हात जोडू?"

दवाखान्याला कुलूप होतं. पाटी नव्हती, भिंतीत दोन खिळे तेवढे राहिले होते. शेजारी शिंप्याचं दुकान. शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "दाताचे डॉक्टर व्हय? दसऱ्याच्या आधीच गेले. कुठं त्ये काई सांगितलं न्हाई. त्यांची ती खुर्ची उचलंना, आमीच चौघांनी हात लावून टेम्पोत घातली."

"कामून गेले?" दादाने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"पेशंटच यिना झाले. कुण्या मास्तरीणबाईचा जबडा नासवला म्हणं त्यांनी. आता आमच्या पोरीचा दात भरला व्हता, तीन खेपा बोलावून, चांगला हाय अजून. पर लोक बोलून राहिले म्हून आमी बी पुढं कुणाला धाडलं न्हाई."

आबा माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते.

मी पदर बाजूला केला. "ती मास्तरीण मी," मी म्हणाले. "त्यांनी काही नासवलं नाही. कीड काढू म्हणत होते, मी काढू दिली नाही. आधीच काढली म्हणून खोटं सांगितलं, आणि नंतर घरच्यांपुढे, मी तसं म्हणालेच नाही, असंही खोटं सांगितलं."

मशीन थांबलं. शिंप्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दुकानाच्या पायरीवर ब्लाउज न्यायला आलेल्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यातली एक, माझ्याच वयाची, पदराचा बोळा गालाला लावून बसली होती. तिला तोंड उघडायला जरा वेळ लागला.

"म्हंजे डॉक्टर चांगले व्हते?"

"हो," मी म्हणाले. "चांगले होते."

"मंग आता ते कुठं बसत्यात, बाई?" तिने विचारलं. "माझी दाढ चार दिवस झाले लई दुखून राहिली."

मला सांगता आलं नाही.